हसू मोजणारा भाडेकरू

एकोणीसशे एकोणऐंशी साल, दसऱ्याचा दुसरा दिवस. भाडं महिना नव्वद रुपये, एका महिन्याचं आगाऊ, विजेचे पैसे वेगळे. हजर माणसं चार: मी, माझी बायको, सणाला निपाणीहून आलेली माझी थोरली बहीण, म्हणजे आमची आक्का, आणि वरची खोली बघायला आलेले डॉक्टर. ठिकाण बेळगावचं वडगाव, आमचं राहतं घर.

मी अटी सांगत होतो. भिंतीला खिळा मारायचा नाही. पाणी दोन बादल्या. मांसमच्छी चालणार नाही. डॉक्टर प्रत्येक अटीला मान हलवत होते. शेवटच्या अटीला मान थांबली.

"अंडं चालेल का, मालक?"

मी बायकोकडं पाहिलं. ती म्हणाली, "शिजवणार असाल तर नको."

"शिजवणार नाही, वहिनी. कोरणार आहे."

आक्का उंबऱ्यात बसून पानाला चुना लावत होती. तिचा हात तसाच राहिला. "कोरून काय करणार? आत गणपती बसवणार?"

"काही बसवणार नाही. वरचं टरफल काढायचं, आतला पापुद्रा फाटू द्यायचा नाही."

"ते काम पिल्लू करतंय की आतनं. तुम्ही कशाला मधी पडताय?"

"पिल्लू पापुद्रा फाडतं, आक्का," डॉक्टर अगदी गंभीरपणे म्हणाले. "ते माझ्या हाताखाली असतं तर मी त्याला नापास केलं असतं."

खोली दिली. नाही म्हणायला माझ्याकडं कारण नव्हतं, कारण कच्च्या अंड्याबद्दल अटच नव्हती.

सामान आलं ते बघायला सगळी गल्ली जमली. एक वळकटी, पुस्तकांच्या तीन पेट्या, आणि दाताच्या डॉक्टरकडचं जुनं, पायानं चालवायचं कोरणी यंत्र. शिवणयंत्रासारखं पायटं मारायचं की वर दोरी फिरायची आणि टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढी कोरणी गरगरायची. आमच्या दोन्ही अंगांना विणकरांची घरं. माग दिवसभर खडखडत असत, त्यामुळं डॉक्टरांच्या यंत्राचा आवाज कुणाला खुपला नाही. उलट डॉक्टरच एकदा म्हणाले की माग बंद पडले की माझा हात अवघडतो.

दवाखान्यातून आले की हातपाय धुऊन, डोळ्यांना सोनाराची भिंगं लावून ते बसत. अंडं लाकडी खळग्यात आडवं ठेवायचं आणि टरफलाला रुपयाएवढी खिडकी पाडायची. शेवटी शेवटी तर कोरणी फिरतेय की नुसती हवेत आहे हे कळत नसे. खिडकी पडली आणि पापुद्रा शाबूत राहिला की अंडं पास. फुटलं की नापास. नापास अंडी ते स्वतः पावाबरोबर खात. पास झालेली अंडी शेजारी वाटत.

आमच्याकडं अंडं खात नव्हते, त्यामुळं बाहेरच्या जिन्यानंच जा-ये होई. पण चार-सहा दिवसांनी बायको काहीतरी निमित्त काढून वर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही. आली ती म्हणाली, "अहो, उजेडाकडं धरलं की त्या खिडकीतनं पापुद्रा हलताना दिसतोय. आत कुणी श्वास घ्यावा तसा." त्यानंतर ती रोज दिवेलागणीला खालूनच विचारायची, "डॉक्टर, आज पास का?" वरून उत्तर यायचं, "तीन पास, एक नापास." आमच्या घरात मुलांच्या परीक्षेचीसुद्धा इतकी चौकशी होत नसे.

महिन्याभरानं अंडीवाला माझ्याकडं तक्रार घेऊन आला. "मालक, तुमचा भाडेकरू दिवसाला चार अंडी घेतोय, ते बरं हाय. पर पास झालेली फुकट वाटतोय. सगळी गल्ली आता माझ्याकडनं घेईना झालीया. एक गिऱ्हाईक मिळालं आन् अकरा गेली." हिशेब बरोबर होता. मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडून दुप्पट अंडी घ्यायला सुरुवात केली. त्यामुळं वाटपही दुप्पट झालं. अंडीवाल्यानं पुन्हा तक्रार केली नाही, पण माझ्याकडं तो बघायचा तेव्हा याला काही कळत नाही असा बघायचा.

डॉक्टर होते खानापूरकडचे, शेतकरी घरातले. वय चाळिशीच्या आत, लग्न नाही. काम मेंदूचं, त्यातही कवटीच्या तळाचं. गल्लीत आधी ठरलं होतं की मेंदूचा डॉक्टर म्हणजे वेड्यांचा डॉक्टर. ते समजुतीनं सांगायचे. "मेंदूवर काम करणारे पुष्कळ आहेत. ते छपरातनं उतरतात. मी जोत्याखालनं जातो. तिथं हाडाला लहान लहान भोकं असतात आणि भोकाभोकातनं एकेक नस बाहेर येते, तुमच्या मागाच्या फणीतनं सूत येतं तशी. एक डोळ्याची, एक कानाची, एक तोंडाची. सूत तुटू न देता फणीवरचा मळ काढायचा, एवढंच काम." विणकरांना हे लगेच पटलं. वेड्यांचा डॉक्टर ही पदवी गेली आणि "तळाचा डॉक्टर" ही आली.

उजवा हात ते कायम खिशात ठेवत. त्या हातानं बादली नाही, पिशवी नाही. कुणी हात मिळवायला पुढं केला तर डावा द्यायचे. पण कुणाच्या सदऱ्याचं बटण तुटलेलं दिसलं की तोच उजवा हात बाहेर येई, सुईदोऱ्यासकट. माझ्या कचेरीतले साहेब भाड्याच्या कराराचं काहीतरी विचारायला घरी आले होते, ते कफाचं बटण लावून घेऊन गेले आणि विचारायचं विसरले.

माणसं त्यांना समोरून ओळखू येत नसत. मेंदूकडं जायची त्यांची वाट कानामागून, त्यामुळं माणसाची ओळख त्यांना कानामागून पटायची. बाजारात मी पुढं चालत असलो तर मागून हाक यायची, "काय मालक." मी वळलो की चेहरा बघून जरा गोंधळत. माझ्या बायकोला ते एकदा भाजी बाजारात समोरासमोर भेटले आणि ओळख न दाखवता पुढं गेले. वीस पावलांवरून वळून परत आले आणि म्हणाले, "माफ करा वहिनी, पाठमोऱ्या झालात तेव्हा कळलं."

आणि त्यांचं एक नेहमीचं वाक्य होतं. "हाडाला वेळ दिला की हाड वाट देतं." बस चुकली तरी हेच, दूध नासलं तरी हेच.

आता हसण्याचं सांगतो. त्या काळी कानामागच्या गाठी काढल्या की माणूस वाचायचा, पण बहुतेकांचं अर्धं तोंड लुळं पडायचं. डोळा मिटत नसे, चहा ओठातून गळे. डॉक्टरांना ते बघवत नव्हतं. नस वाचवायची कशी याचा अभ्यास अंड्यांवर चालला होता. पण वाचलेली नस किती वाचली हे मोजायचं कशानं? बरं आहे, फार बरं आहे, असं लिहिणं त्यांना मान्य नव्हतं, आणि या एका बाबतीत मी पूर्णपणे त्यांच्या बाजूचा होतो. त्यांनी शिंप्याची टेप आणली. डोळ्याच्या कोपऱ्यापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर, आधी गप्प बसून, मग हसताना. दोन्ही बाजू. पण आजारी माणसाचं मोजायचं तर आधी चांगल्या माणसाचं हसू किती सरळ असतं हे कळायला हवं. म्हणून गल्ली मोजायची ठरली. टेपवरचा आकडा वाचायला मी. पगार नाही.

अडचण अशी की माणसाला हसवायला लागतं आणि डॉक्टरांना एकच विनोद येत होता. तो असा: एक माणूस डॉक्टरकडं गेला. डॉक्टरनं त्याला तपासलं. त्याला काहीही झालेलं नव्हतं.

एवढं सांगून ते टेप धरून थांबत. समोरचा विणकर म्हणे, "मग?"

"मग काय, गेला घरी."

पहिल्या दिवशी एकही माप मिळालं नाही. आक्का तेव्हा पुन्हा आमच्याकडं आलेली होती. ती आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर येऊन म्हणाली, "डाक्टर, ह्यो इनोद न्हाय. ही बातमी हाय. सरा बाजूला."

आक्काबद्दल सांगायला हवं. निपाणीत कुठलंही लग्न तिच्याशिवाय होत नसे. उखाण्यात विहिणीला अशी घ्यायची की विहीणसुद्धा पदर तोंडाला लावून हसायची. बोलण्याआधी तिचे ओठ दोन्ही बाजूंना हळूहळू पसरत, आणि समोरचा तिथंच हसायला लागे. शब्द मागाहून येत.

तिनं शेजारच्या विणकराला समोर बसवलं. "तुझ्या बायकोनं पातळ मागितलं तवा म्हणालास, माग मोडलाय. आता फुकट अंडी खाऊन तोंड बी मोडलं काय तुझं? हास की."

तो हसला, त्याची बायको त्याहून जास्त हसली, आणि आम्ही दोघांचीही मापं घेतली. महिन्याभरात गल्ली संपली. निघालं असं की सरळ हसणारा माणूस वडगावात नाही. कुणाचं डावीकडं जास्त, कुणाचं उजवीकडं. यावरून शाळामास्तरांना संशय आला. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "खरं सांगा, ही कसली मोजणी? मराठी हसू किती आणि कानडी किती, असलं काही वर पाठवायचं नाही ना?"

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "मास्तरांना सांगा, दोन्ही भाषांत वाकडंच आहे." तरीसुद्धा काही दिवस गल्लीत डावे आणि उजवे असे दोन पक्ष राहिले. आपापल्या बाजूनं हसणाऱ्याला चहा मिळे.

या मापांवर डॉक्टरांनी एक निबंध लिहिला आणि डॉक्टरांच्या एका सभेत वाचला. परत येऊन त्यांनी मला सगळं सांगितलं. टेपचं चित्र दाखवल्याबरोबर पहिल्या रांगेतले एक वयस्कर सर्जन मोठ्यानं हसले. डॉक्टर वाचायचे थांबले आणि म्हणाले, "सर, आपलं डावीकडं कमी जातं. आधी कधी तोंडावरून वारं गेलं होतं का?" गेलं होतं, लहानपणी. सभेला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानंतर सगळ्यांनी निबंध गंभीर तोंडानं ऐकला. पुढं डॉक्टर मोठ्या शहरात गेले, त्यांच्या हाताखाली शिकायला लांबून डॉक्टर येऊ लागले, आणि प्रत्येकाला पहिले काही महिने अंडीच कोरावी लागत असं ऐकतो.

तर गल्लीत शेवटचं माप उरलं आक्काचं. ती कॉटवर बसली. मी समोर टेप धरून. डॉक्टर तिच्या डाव्या अंगाला, जरा मागं उभे होते. हळू आवाजात त्यांनी आपला तो विनोद सांगितला. आक्का गप्प. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही, त्या विनोदाला कुणीच हसत नसे. पण डॉक्टर तिच्या उजव्या अंगाला आले आणि तितक्याच हळू पुन्हा सांगितला.

"परत बातम्या?" आक्का लगेच म्हणाली.

डॉक्टर पुन्हा डावीकडं गेले. पुन्हा सांगितला. आक्का माझ्याकडं बघून म्हणाली, "अरं, डाक्टर कुठं गेले? हसवणार हुते न्हवं?"

त्यांनी टेपची घडी केली. मनगटावरचं घड्याळ काढून तिच्या डाव्या कानाला लावलं, मग उजव्या. मग तिला अंगणात एकापुढं एक पाऊल टाकत चालायला लावलं. तिसऱ्या पावलाला तिनं भिंत धरली.

"कधीपासून, आक्का?"

"झाली की दोन वर्सं."

"कुणाला सांगितलं नाही?"

"डाव्या अंगाला आमची सासू बसायची. मला वाटलं, देवानं ऐकलं."

आम्ही हसलो. डॉक्टर हसले नाहीत. आमच्या दाजींनी आणि मी तिला मुंबईला नेऊन डोक्याचा नव्या यंत्रावरचा फोटो काढून आणला. कानाच्या आत, कवटीच्या तळाला, लिंबाएवढी गाठ होती.

डॉक्टरांनी आम्हाला सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. गाठ साधी आहे, पण वाढली तर जीव घेईल. डावा कान गेलाच आहे, तो परत येणार नाही. तोंड हलवणारी नस त्या गाठीवर ताणून बसली असणार, ओल्या पापुद्र्यासारखी. कानामागचं हाड कोरत आत जायचं, नसेवरचं हाड टरफलाएवढं पातळ करायचं आणि मग ते उचलायचं.

बायको म्हणाली, "म्हणजे ती अंडी..."

"हो वहिनी. तेच." मग ते आक्काकडं वळले. "मुंबईला केलंत तरी चालेल. तिथं माझ्यापेक्षा मोठे डॉक्टर आहेत. जीव तेही वाचवतील. तोंडाचं ते काही सांगणार नाहीत आणि मीही सांगत नाही. एवढंच सांगतो की मी तोंडासाठी थांबेन, कितीही वेळ लागला तरी."

आक्कानं पानाचं देठ मोडलं. "डाक्टर, जीव गेला तर तुम्ही बघून घ्या, मला कुठं कळणार हाय? हसू गेलं तर मात्र मला बघावं लागणार, रोज आरशात. तवा काय ते हसूचं बघा."

ऑपरेशनच्या सकाळी मी वर गेलो. डॉक्टर यंत्रापुढं बसले होते. खळग्यात अंडं फुटून बलक मांडीवर सांडला होता. कितीतरी दिवसांत त्यांचं अंडं फुटलं नव्हतं. त्यांनी धोतराच्या फडक्यानं मांडी पुसली आणि म्हणाले, "बरं झालं मालक. आज जे फुटायचं होतं ते इथंच फुटलं." मी हे बायकोला सांगितलं नाही.

सकाळी आत नेलेली आक्का दिवेलागण झाली तरी बाहेर आली नाही. दाजी दवाखान्याच्या व्हरांड्यात एकाच खांबाला टेकून उभे होते. दुपारी अंडीवाला भरलेली टोपली घेऊन आला. मी विचारलं, "हे काय?"

"मधीच डाक्टरास्नी लागली तर."

त्याला परत पाठवायला कुणाचं मन झालं नाही. तो शेवटपर्यंत टोपली मांडीवर घेऊन बसला.

डॉक्टर बाहेर आले ते सरळ जमिनीवरच बसले. "गाठ गेली. नस आहे. मी डोळ्यांनी बघितली, अख्खी आहे." दाजी खाली बसायला लागले तसे ते पुढं म्हणाले, "पण फार ताणली गेलीय. आता ती रुसणार. किती दिवस ते तिचं तिलाच माहीत."

नस रुसली. आक्का शुद्धीवर आली, बोलली, सगळ्यांना ओळखलं, पण डावी बाजू पाटीसारखी सपाट. डोळ्यावर पट्टी, चहा बशीतून नव्हे, चमच्यानं. निपाणीला गेल्यावर लग्नाची आमंत्रणं आली तेव्हा दाजींनी तिची तब्येत बरी नाही म्हणून कळवलं. आक्कानं ते कळवू दिलं, यावरूनच ती किती खचलीय ते आम्हाला कळलं.

डॉक्टर दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी सुट्टी काढून निपाणीच्या बसला बसत. बरोबर मी, आकडा वाचायला. ते टेप लावत, आक्का हसायचा प्रयत्न करी, मी वाचे. शून्य. पुढच्या आठवड्याला शून्य. उन्हाळा गेला, पाऊस सुरू झाला, शून्यच. डॉक्टरांनी अंडी कोरणं सोडलं. बायको खालून विचारीनाशी झाली. माग थांबले तरी ते काही बोलत नसत. शेवटी आक्काच त्यांना म्हणाली, "डाक्टर, मला सांगा, ऑपरेशन तुमचं झालंय का माझं? तोंड तर तुमचंच उतरलंय. हाडाला टाइम दिला तर नसंला द्या की."

आणि तिनं त्या तोंडाचा उपयोग शोधून काढला. बाजारात भाव करताना ती विक्रेत्याकडं डावी बाजू करून उभी राहायची. डाव्या कानानं त्याचा भाव ऐकू येत नसे आणि डाव्या गालावर काही उमटत नसे. ती आपला भाव सांगायची आणि थांबायची. समोरचा शपथा घ्यायचा, पोराबाळांची नावं घ्यायचा, आक्काचा गाल हलायचा नाही. शेवटी त्याचाच धीर सुटायचा. निम्म्या बाजारानं तिचा धसका घेतला. शेजारणी आपल्या पिशव्या तिच्याकडं द्यायला लागल्या.

अशाच एका आठवड्याला आम्ही तिघं निपाणीच्या बाजारात होतो. डॉक्टर मागं राहिले होते, बहुधा कुणाच्या तरी कानामागं बघत. आक्का वांगीवालीपुढं डावी बाजू करून उभी राहिली. मी पिशवी धरून.

वांगीवाली म्हणाली, "दीड रुपाया किलो. देवाशप्पथ कमी न्हाय."

"बारा आणे," आक्का म्हणाली.

"आक्का, तुमच्या डाव्या कानाला मी आता शिकलोय. हातावर लिवून आणलंय." तिनं खरंच तळहात पुढं केला. चुन्यानं दीड काढला होता. "आता ह्ये तरी दिसतंय का न्हाय? का डोळा बी बारा आण्याचाच हाय?"

आक्कानं डावा गाल तसाच पुढं ठेवला. वांगीवाली तिच्या तोंडाकडं बघत राहिली, आणि मग गोणपाटावरून अर्धी उठली.

"आक्का, हसलाय की वो. हिकडच्या अंगाला."

"न्हाय."

"व्हय. ओठ हललाय. मी बघितलाय न्हवं."

आक्कानं हात गालाला लावला. मी डॉक्टरांना हाक मारली. ते धावत आले. खिशातला उजवा हात बाहेर काढून त्यांनी टेप लावली. टेप सारखी घसरत होती. शेवटी वांगीवालीनंच वरचं टोक धरलं. भोवती माणसं जमली, कुणी विचारलं की बाईला नाकाचा दागिना करायचाय काय. मी आकडा वाचला, इंचाचा सोळावा भाग. अर्धा सूत. दुसऱ्यांदा वाचला. अर्धा सूत. डॉक्टर वांग्यांच्या ढिगाजवळ उकिडवे बसले आणि हसायला लागले, आणि त्यांना थांबता येईना.

वांगीवालीनं तराजू उचलला. "मग बारा आण्यानं घालू का, आक्का? घ्या आज."

डॉक्टर खिशात हात घालत होते. आक्कानं त्यांना गप्प बसवलं. कमरेची चंची सोडली आणि म्हणाली, "हसल्यावर कसला भाव?"

दोन किलो वांगी, दर दीड रुपया. तीन रुपये आक्कानं रोख दिले, वांगीवालीच्या हातात, माझ्यासमोर.